नाव उतरविताना

पावसाळ्यात कोकणातल्या होड्या विश्रांती घेतात अशी घाटावरच्या लोकांची समजूत आहे, आणि होड्यांपुरती ती खरीही आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला सरकारी मनाई असते. प्रवाशांची ने-आण करणाऱ्या होड्या त्याच्याही आधी, मे महिना सरता सरता, किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि पावसाचा जोर ओसरेपर्यंत झापांच्या आडोशाला मुकाट पडून राहतात. मात्र ज्यांच्या हातून त्यांची डागडुजी व्हावयाची, त्यांच्या दृष्टीने हेच दिवस सुगीचे. मालवणात माझ्या पुतण्याची फायबरच्या होड्या दुरुस्त करण्याची शेड आहे, आणि तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाल्यापासून मी तिथे बसतो. प्रथम केवळ हिशेबापुरता बसत असे. पुढे हात रिकामे ठेववेनात, आणि शेडमधली जी कामे कुणी आपखुशीने पत्करीत नसे ती हळूहळू माझ्याकडे आली. त्यांतले सर्वांत नावडते काम म्हणजे होडीवरची जुनी अक्षरे, चित्रे आणि पट्टे काढणे व त्यांच्यामागे राहिलेला चिकटा साफ करणे.

लाकडी होड्यांच्या काळी हा प्रश्न या स्वरूपात नव्हता. पेंटर नाळेवर तैलरंगाने कुलदेवतेचे नाव लिही, मालक हौशी असल्यास दोन्ही अंगांना एखादा मासा किंवा कमळ काढी, आणि पुढेमागे नाव बदलावयाचे झालेच तर जुना रंग खरवडून, लांबी भरून, वर नवा हात मारला की भागत असे. कारण लाकूड खरवडणे सोसते. फायबरची होडी आली आणि तिच्यामागोमाग बाजारात ज्याला सरसकट रेडियम म्हणतात ते आले: यंत्राने कापलेली, पाठीला गोंद असलेली पातळ प्लास्टिकची अक्षरे, जी रेडियमवाला एका दुपारात सबंध होडीभर लावून मोकळा होतो. लावणे इतके सोपे झाल्यामुळे मजकुराला धरबंध उरला नाही. देवाचे नाव, मालकाचे नाव, मालकाच्या मुलांची नावे, भ्रमणध्वनीचे आकडे, उसळणारा डॉल्फिन, वाकलेला माड, एखाद्या शीतपेयाची जाहिरात, आणि या सर्वांना वेढणारे तीन रंगांचे पट्टे, असा सरंजाम अंगावर वागविणाऱ्या होडीला होडी म्हणावे की हाकारता येणारा जाहिरातफलक म्हणावे, असा प्रश्न मला पडतो. माझे हे मत पुतण्याला मान्य नाही. त्याच्या मते गिऱ्हाईक आधी होडी पाहते आणि मग समुद्र.

ज्या होडीविषयी मी लिहिणार आहे ती गोव्याची. पर्यटकांना डॉल्फिन दाखविण्याच्या धंद्यात काही वर्षे राबल्यावर ती मालवणच्या एका गृहस्थाने विकत घेतली आणि आमच्या शेडमध्ये आणून उभी केली. गडद निळ्या अंगाची, मूळची देखणी. परंतु ऊन आणि खाऱ्या वाऱ्याने तो निळा रंग राखेसारखा फिकट पडला होता, आणि त्यावरून बोट फिरविले असता बोटाला निळसर पांढरी भुकटी लागे. नाळेच्या दोन्ही बाजूंना रोमन लिपीत ‘स्टेला मारिस’, म्हणजे समुद्रतारा, हे खलाशांची कैवारी म्हणून मेरी मातेला दिलेले जुने नाव होते. नावाशेजारी तारकांचे वलय असलेली मातेची प्रतिमा होती. त्यामागे आधीच्या मालकाचा भ्रमणध्वनी, हात हात लांबीच्या आकड्यांत. पिछाडीला मात्र स्टिकरवर स्टिकर असे तीन थर होते, त्यांवरून मालक किती वेळा बदलले असतील याचा तर्क शेडमधल्या पोरांनी चालविला होता.

नव्या मालकाची इच्छा अशी की, आल्या दिवशीच सर्व अक्षरे उडवावीत. त्यात नोंदणीचा क्रमांकही आला. येथे माझ्यातला कारकून जागा झाला. गोव्यातल्या नौकांची नोंद पणजीच्या ‘कॅप्टन ऑफ पोर्ट्‌स’ या खात्यात असते. पोर्तुगीज अमदानीतल्या ‘कापितानिया दूश पोर्तुश’ या कचेरीचा वारसा त्या खात्याकडे आला आहे. नौका एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यावयाची तर त्या दप्तरातला ना हरकत दाखला हाती पडून इथल्या दप्तरात नवी नोंद होईपर्यंत जुना क्रमांक हाच तिचा एकमेव पुरावा. तो अंगावरून उतरविला की होडी बेवारस मालात जमा होते, आणि सागरी सुरक्षेच्या तपासण्या कडक झाल्यापासून बेवारस होडीचा पंचनामा करणाऱ्याला दयामाया राहिलेली नाही. म्हणून क्रमांक तेवढा तहकूब ठेवला आणि बाकीच्या मजकुरास हात घातला.

या कामाचे मर्म दोन गोष्टींत आहे, ऊब आणि सावकाशी; आणि शिकाऊ पोराला ह्या दोहोंचाही कंटाळा असतो. नवे रेडियम लवचिक असते, कारण त्या प्लास्टिकमध्ये ते मऊ ठेवणारी तेलकट द्रव्ये मिसळलेली असतात. उन्हात ती द्रव्ये हळूहळू निघून जातात, पातळ पापुद्रा आक्रसतो, कडक होतो, आणि नखाने उचलू गेल्यास नखाएवढाच तुकडा हाती येतो. अशा वेळी चाकू घेऊन भिडण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो, कारण फायबरच्या अंगावरचा जो रंगीत थर, ज्याला जेलकोट म्हणतात, त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. लोखंडी पात्याचा एक ओरखडा त्यात कायमचा बसतो. चाकूऐवजी उष्णता द्यावी. मे महिन्याचे ऊन असते तर दहा-अकराच्या सुमारास तापलेल्या अंगावरून काम आपोआप हलके झाले असते, परंतु आषाढातल्या अंधाऱ्या शेडमध्ये हीट गनवाचून गत्यंतर नसते. त्या यंत्राच्या तोंडून निघणारी हवा पाचशे अंशांच्याही वर जाते, आणि होडीच्या अंगातले पॉलिएस्टर साठ-सत्तर अंशांपासूनच नरम पडू लागते. तेव्हा यंत्र एका जागी क्षणभरही न थांबविता, हातभर अंतरावरून, सारखे फिरवीत राहावे, आणि दुसऱ्या हाताचा तळवा मधूनमधून होडीवर टेकवून पाहावा. तळव्याला चटका जाणवावा, पण हात मागे घ्यावासा वाटू नये, इतकी ऊब पुरते. तिच्याहून जास्त झाली तर गोंद इतका पातळ होतो की पापुद्रा निघतो आणि गोंद सगळा मागे राहतो. कमी झाली तर पापुद्राच तुटतो. दोहोंमधल्या अरुंद पट्ट्यात पापुद्रा आणि गोंद एकत्र सुटून येतात.

कोपरा सुटला की तो सरळ समोर ओढावयाचा नाही. त्याच पापुद्र्यावर उलटा दुमडून, होडीच्या अंगाला जवळजवळ लागून, मागे न्यावयाचा, आणि तोही इतक्या मंद गतीने की बघणाऱ्याला आपण काम करीत आहोत असे वाटू नये. ह्या मंदपणाला कारण आहे. हा गोंद धड द्रवही नाही आणि धड घनही नाही. सावकाश ताण दिला तर तो वाहतो व सोडतो, झटका दिला तर घट्ट धरून बसतो. शेडमधला, मालवणातल्याच दांडी भागातला पोरगा अंगाने बळकट. तो झटका देई, तुकडा हातात येई, आणि ‘जळ्ळा ह्या काम’ म्हणून तो तुकडा फेकून देई. माझ्यात बळ नव्हते हेच माझ्या पथ्यावर पडले.

चिकटविण्याची विद्या माणसाला फार पूर्वीपासून येते. चिकटलेले स्वच्छ सुटावे, ही विद्या त्या मानाने अलीकडची. अमेरिकेत मोटारींना दोन रंग देण्याची फॅशन आली तेव्हा रंगारी एक रंग झाकण्यासाठी जी पट्टी लावीत ती काढताना खालचा ताजा रंगही ओरबाडून येई. त्यांचा तो वैताग पाहून मिनेसोटातल्या थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्र्यू या तरुण नोकराने १९२५ साली अलगद निघणारी कागदी पट्टी तयार केली. पुढे १९३५ मध्ये लॉस एंजेलिस येथे स्टॅन एव्हरी याने पाठीमागचा कागद सोलून लावावयाची लेबले काढली, आणि आजचे रेडियम त्याच वंशातले. ड्र्यूला सुटण्याची काळजी होती. त्याच्या वंशजांना ती उरली नाही.

मेरी मातेच्या प्रतिमेपाशी काम अडले. दांडीचा पोरगा मासे मारणाऱ्या हिंदू घरातला, परंतु त्याने हातातले प्लास्टिकचे पाते खाली ठेवले आणि म्हणाला, ‘‘काकानू, देवाक पाता लावूचा नाय.’’ कुठला देव, हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नाही, आणि मीही तो उपस्थित केला नाही. दर्यावर पोट असणाऱ्या माणसाला दर्यावरची सगळीच दैवते आपली वाटतात. तेव्हा पाते न लावता, नुसत्या उबेवर आणि बोटांवर, ती प्रतिमा आम्ही दोघांनी मिळून उतरविली. एकाने यंत्र धरले, दुसऱ्याने कोपरा. ती अखंड सुटली, तारकांच्या वलयासकट, आणि मागे गोंदाचा ठिपकाही राहिला नाही. पोराने कपाळाला हात लावला. त्याच्या दृष्टीने तो मातेचा कौल होता. पुतण्याने मात्र पापुद्रा बोटांत चाचपून पाहिला आणि निकाल दिला की हे भारी प्रतीचे, ओतून बनविलेले रेडियम, आणि वरून पारदर्शक आवरणही दिलेले. तो भ्रमणध्वनी मात्र रुळांखाली दाबून काढलेल्या स्वस्त मालाचा. ओतीव माल पातळ असतो, आक्रसत नाही आणि सात-आठ वर्षे टिकतो. दाबून काढलेला जाड असतो आणि तीन-चार उन्हाळ्यांत त्याचे भुस्कट होते. म्हणजे आधीच्या मालकाने मातेच्या प्रतिमेवर चार पैसे जास्त खर्चिले होते आणि स्वतःच्या क्रमांकावर काटकसर केली होती. पुतण्याचा खुलासा खराच होता, पण पोराच्या मताला त्याने धक्का बसला असे मला दिसले नाही. ती प्रतिमा एका फळकुटावर सपाट चिकटवून त्याने आपल्याजवळ ठेवून घेतली.

भ्रमणध्वनीने आमचा अंत पाहिला. अक्षरशः कणाकणाने तो निघाला, आणि त्या प्रत्येक आकड्याच्या जागी पिवळट, धूळ धरणारा चिकटा उरला. अशा चिकट्यावर काय लावावे याविषयी शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाजवळ आपापला रामबाण इलाज असतो. एक पेट्रोल सुचवितो, ज्याच्या वाफेला एक विडी पुरे. दुसरा थिनर सुचवितो. तो गोंदाबरोबर जेलकोटचीही चमक घेऊन जातो, आणि साध्या ऑइलपेंटने रंगविलेल्या होडीवर वापरला तर गोंदाआधी रंगच विरघळतो. ॲसिटोन फायबरच्या कामात ब्रश धुण्यासाठी हाताशीच असतो, म्हणून त्याच्याकडे हात जातो. तो झपाट्याने एकदा पुसून घेण्यापुरता ठीक, भिजत ठेवण्याजोगा नव्हे, आणि शून्याखाली वीस अंशांच्या थंडीतही पेट घेण्याइतकी वाफ तो सोडतो, हे ध्यानात ठेवलेले बरे. या सर्व पदार्थांत एक समान दोष आहे. ते क्षणात उडून जातात, आणि जुन्या गोंदाला हवा असतो वेळ.

तो वेळ देणारी वस्तू आमच्या घरातच होती. फणस कापणाऱ्या घरात चीक कशाने निघतो हे कुणाला शिकवावे लागत नाही. विळीला आणि हातांना आधी खोबरेल चोपडल्याशिवाय आमच्याकडे फणसाला कुणी हात लावीत नाही. सूनबाईने डबाभर खोबरेल आणून दिले. उभ्या अंगावरून तेल ओघळते, म्हणून ते फडक्याला पाजून फडके चिकट्यावर दाबावे, वर भाजीच्या प्लास्टिक पिशवीचा तुकडा लावावा, कडा पट्टीने बंद कराव्यात, आणि जेवून, वामकुक्षी करून यावे. गोंद तेवढ्या वेळात तेल पितो, फुगतो, आणि त्याची धरून ठेवण्याची शक्ती जाते. मग प्लास्टिकच्या पात्याने, किंवा बाद झालेल्या बँकेच्या कार्डाने, एका दिशेने ढकलीत गेले की तो दाट साईसारखा गोळा होऊन पुढे सरकतो. हे लगदे समुद्रात किंवा वाळूत जाऊ नयेत म्हणून खाली ताडपत्री आणि बादली ठेवावी, एवढी शिस्त मी शेडमध्ये लावली आहे. ती पाळली जाते असे म्हणण्याचे धाडस मात्र मी करणार नाही. लांबलचक पट्ट्यांसाठी पुतण्याने ड्रिलला बसणारे रबरी चाक आणले होते. ते झपाट्याने काम करते, पण वेग कमी ठेवून सतत सरकते न ठेवल्यास घर्षणाच्या उष्णतेने जेलकोट करपवते, आणि त्याचा जळका वास अंगाला दिवसभर सुटत नाही. तेल वापरल्यावर ते तेलही काढावे लागते, हे बहुतेक विसरतात: साबणाच्या कोमट पाण्याने दोनदा धुवावे, स्पिरिटने पुसावे, आणि शेवटी स्वच्छ पाणी शिंपडून पाहावे. पाणी थेंबथेंब होऊन राहिले तर तेल अजून आहे. ते पातळ चादर होऊन पसरले तर नव्या रंगाला आणि नव्या अक्षरांना जागा तयार झाली.

होडी धुऊन पुसून कोरडी झाली, हाताला कुठे चिकटा लागेना, आणि तरीही शेडच्या दारातून पाहणाऱ्याला ‘स्टेला मारिस’ स्पष्ट वाचता येत होते.

नवा मालक आला तो हे पाहून चिडला, आणि आणखी कडक औषध लावा म्हणाला. त्याचा समज असा की अक्षरांचा काही अंश अद्याप आत मुरलेला आहे. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट होती. अक्षरांच्या जागी काहीही शिल्लक नव्हते. तिथे होडीचा मूळचा गडद निळा रंग, जसा साच्यातून निघाला तसा, रेडियमच्या आडोशाने ऊन न लागता सुखरूप राहिला होता. विटले होते ते भोवतालचे सगळे अंग. जिथे कधी काही चिकटले नव्हते तिथेच उन्हाने पृष्ठभाग कुजवून त्याची भुकटी केली होती. बोटाचे टोक अक्षराच्या कडेवरून हलकेच नेले तर किंचित पायरीसुद्धा लागे, कारण झिजले होते ते बाहेरचे. डाग ज्याला म्हणावे तो अक्षरांवर नव्हता, उरलेल्या सबंध होडीवर होता; आणि अक्षरांवर कितीही औषध ओतले तरी ती पुसट होण्याचा संभव नव्हता, कारण त्या होडीत निरोगी एवढीच जागा होती. आयुष्यभर सातबाराच्या उताऱ्यांवर जुन्या खातेदारांच्या नावांना कंस करीत आलेल्या मला यात अपरिचित असे काही नव्हते. कंस केलेले नाव कमी होते, परंतु वाचता येते, आणि ते वाचता यावे असाच कायद्याचा हेतू असतो. होडीच्या मालकाचा हेतू तसा नव्हता, हीच काय ती अडचण.

तेव्हा अक्षरे सोडून दिली आणि अक्षरांभोवतालची होडी घासावयास घेतली. हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, मग पंधराशेचा, मग दोन हजाराचा. भुकटी धुऊन टाकली की खालून पुन्हा निळा रंग डोकावू लागतो, त्यावर रबिंग कंपाउंड, मग बफिंगचे चाक, आणि सर्वांत शेवटी मेण. मेणाआधी जिथे नवी अक्षरे यावयाची ती जागा झाकून घ्यावी लागते, आणि सिलिकॉन असलेले पॉलिश तर तिथे फिरकूही देऊ नये, कारण पुढे रंग मारला की तो तेवढ्या जागी फाकून डोळे पडतात. अर्धा मिलिमीटर जाडीतून किती खर्च करावयाचे याचा हिशेब प्रत्येक हाताला मनात ठेवावा लागतो. कडांवर आणि कोपऱ्यांवर जेलकोट आधीच पातळ असतो, तिथे तर खालचे कापडासारखे तंतू दिसू लागले की खेळ संपलाच. म्हणून आम्ही अक्षरे पूर्णपणे नाहीशी होईपर्यंत घासले नाही. समोरून पाहता ती दिसेनाशी झाली. संध्याकाळचा तिरपा उजेड पडला, किंवा अंग पावसाने ओले झाले, की अजून पुसटशी दिसतात, आणि एखाद-दोन उन्हाळ्यांत आजवर सावलीत राहिलेला तो भागही बाकीच्याइतका विटला की तीही दिसावयाची नाहीत. मालकाला हे समजावून सांगताना पुतण्याने चांगला वकिली आवाज लावला.

नव्या नावाची जागा ठरविताना मात्र मी माझे म्हणणे रेटले. ‘रामेश्वरकृपा’ हे नाव जुन्या नावाच्या नेमके वर आले तर दोन लिपींची अक्षरे एकमेकांत गुंतून तिरप्या उजेडात भलतेच काही वाचले जाईल, म्हणून ते चार बोटे खाली व थोडे मागे घ्यावे, असे मी सुचविले. मालकाला ते नाळेच्या अगदी टोकाशी हवे होते. शेवटी जुन्या नावाच्या पट्टीवर रुंद पांढरा पट्टा ओढून, त्यावर लाल अक्षरे पेंटरकडून ऑइलपेंटने काढून घ्यावीत, असे ठरले. पेंटरला पोरांनी बाजारपेठेतून शोधून आणला. हल्ली त्याच्याकडे दुकानांच्या पाट्यांचीसुद्धा कामे येत नाहीत, आणि ब्रश हातात आल्यावर त्याने न सांगताच ‘रा’च्या शेजारी एक लहानसा मासा काढला.

बिल करण्याचे काम माझ्याकडेच असल्यामुळे पुढचा प्रसंग मला टळला नाही. नव्या अक्षरांची रक्कम मालकाने एका शब्दाने कबूल केली. माशाबद्दल पेंटरला वर बक्षीस दिले. परंतु जुनी काढण्याच्या रकमेवर बोट ठेवून, ‘‘काढूचे कसले पैसे? थय तर कायच नाय!’’ असे तो म्हणाला, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर ते रास्तही होते, कारण आमच्या सगळ्या कामाचे दाखविण्याजोगे फळ म्हणजे तिथे काहीच नसणे. पुतण्या माझ्या तोंडाकडे पाहू लागला. मी बिलाचा कागद परत घेतला, ती बाब खोडली, आणि तेवढ्याच रकमेची ‘दोन्ही अंगांचे घासकाम, पॉलिश व मेण’ अशी नवी बाब लिहून दिली. ती वाचून त्याने हरकत घेतली नाही; फक्त मेण कोणत्या कंपनीचे, एवढे विचारले.